एका वर्षाचे अध्यक्ष, सव्वीस वर्षांचं काम

जुलै उजाडला की तालुक्याच्या गावांतल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास दिसते: रोटरी क्लबचा पदग्रहण सोहळा. मावळते अध्यक्ष नव्या अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर घालतात, प्रांतपाल, म्हणजे परिसरातल्या अनेक क्लबांचे प्रमुख, पाहुणे म्हणून असतात आणि वर्षभराच्या संकल्पांची यादी वाचली जाते. रक्तदान, नेत्रतपासणी, शाळेला बाकं, झाडं लावणं. पुढच्या जुलैत अध्यक्ष नवे, यादीही नवी. एका वर्षात सुरू करून त्याच वर्षात संपेल असं काम निवडायचं, ही या क्लबांची सवय त्यांच्या रचनेतूनच आली आहे. त्यामुळे ‘शिबिर घ्या, फोटो काढा’ अशी टीकाही त्यांच्या वाट्याला येते आणि ती सगळीच खोटी नाही. पण याच एका-एका वर्षाच्या माणसांनी भारतातल्या पोलिओविरुद्धच्या लढाईत पाव शतकाहून जास्त काळ खांदा दिला. ते कसं जमलं, हे समजण्यासाठी बरंच मागे जावं लागतं.

२३ फेब्रुवारी १९०५. शिकागोतल्या युनिटी बिल्डिंगमधली ७११ नंबरची खोली. पॉल हॅरिस हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक असे चौघे तिथे जमले. हॅरिस व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड या लहान गावात आजी-आजोबांकडे वाढलेला. मोठ्या शहरात वकिली चालत होती, पण गावात दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना नावाने ओळखतात तशी ओळख तिथे नव्हती. ती ओळख त्याला हवी होती. एका व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा नको, हा नियम लवकरच ठरला. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायची, या फिरतीवरून ‘रोटरी’ हे नाव पडलं. सेवेचा त्यात अजून मागमूस नव्हता. मैत्री होती आणि एकमेकांना धंदा मिळवून देणं होतं. हे सांगण्यात कमीपणा काही नाही. परक्या शहरातल्या माणसांनी आधी एकमेकांवर विश्वास ठेवायला शिकावं आणि मग तो विश्वास शहराच्या कामी यावा, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

शहराच्या कामी आलेली त्यांची पहिली गोष्ट म्हणजे सार्वजनिक शौचालय. १९०७ पासून शिकागोच्या क्लबाने इतर संस्थांना सोबत घेऊन नगरपालिकेकडे ही मागणी लावून धरली. विरोध झाला तो दारूच्या गुत्त्यांच्या मालकांचा आणि मोठ्या दुकानदारांचा. पुरुषांसाठी गुत्त्यात आणि स्त्रियांसाठी दुकानांत सोय आहेच, असं त्यांचं म्हणणं होतं. ती सोय वापरायची तर आत जाऊन काहीतरी विकत घेणं ओघाने आलंच. १९०९ मध्ये शौचालय उभं राहिलं. बाजारपेठेत दिवसभर फिरणाऱ्या बायकांची आजही काय कुचंबणा होते, हे आपल्याकडच्या कुठल्याही गावात विचारा, म्हणजे हे काम किती नेमकं होतं ते कळेल.

१९११ च्या सुमारास ‘स्वतःपेक्षा सेवा मोठी’ या अर्थाचं ब्रीद आकाराला येऊ लागलं. १९१७ मध्ये आर्च क्लम्फ या अध्यक्षाने जगाचं भलं करण्यासाठी कायमचा निधी असावा, अशी कल्पना मांडली. त्यात आलेली पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलरची. आजच्या रोटरी फाउंडेशनचं मूळ ते. १९१७ मध्येच शिकागोत मेल्विन जोन्सच्या पुढाकाराने लायन्स या अशाच दुसऱ्या सेवासंस्थेची स्थापना झाली. १९२५ मध्ये अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी झटण्याचं आवाहन केलं. आपल्याकडच्या लायन्सच्या नेत्रशिबिरांचा धागा थेट त्या भाषणापर्यंत जातो.

रोटरी सुरू झाली त्याच १९०५ च्या जून महिन्यात पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. दोन्हींची तुलना मला नेहमी खुणावते. गोखल्यांच्या सेवकाने आयुष्य द्यायचं होतं: शपथा घ्यायच्या, उमेदवारीची वर्षं काढायची, समाज देईल तेवढ्या मानधनात संसार चालवायचा. त्यातल्याच ना. म. जोशींनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात वाचनालयं, रात्रशाळा चालवल्या. महाराष्ट्राला संघटित सेवा रोटरीने शिकवली असं म्हणणं म्हणूनच चुकीचं ठरेल. रोटरीने जे आणलं ते वेगळं होतं. आपला दवाखाना, दुकान, वकिली सांभाळून आठवड्यातला एक तास द्यायचा, पण तो न चुकता द्यायचा. आयुष्य वाहून घेणारी माणसं कोणत्याही काळात थोडीच असतात. आठवड्याचा एक तास देऊ शकणारी माणसं मात्र प्रत्येक गावात सापडतात.

भारतात हे चाक पहिल्यांदा फिरलं ते कलकत्त्यात. तिथे १९१९ मध्ये क्लब सुरू झाला आणि १९२० च्या आरंभी त्याला सनद मिळाली. सुरुवातीचे सभासद बहुतेक युरोपीय होते. त्याच क्लबासमोर ऑगस्ट १९२५ मध्ये महात्मा गांधी बोलले आणि बोलले ते चरख्याबद्दल. व्यापारी कचेऱ्यांतल्या साहेबांसमोर खादीचं अर्थशास्त्र मांडलं गेलं, यावरूनच या व्यासपीठाचा स्वभाव कळतो. मुंबईचा क्लब १९२९ मधला. लायन्स भारतात आले ते १९५६ मध्ये आणि तेही मुंबईतूनच. स्वातंत्र्यानंतर क्लब जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या गावी पोचले. डॉक्टर, वकील, अडत्या, मेडिकलवाला, प्राध्यापक हे सभासद झाले. १९६२-६३ मध्ये कलकत्त्याचे नितीश लाहिरी जागतिक रोटरीचे अध्यक्ष झाले. त्या पदावर पोचलेले आशियातले ते पहिले.

स्त्रियांना मात्र दार बराच काळ बंद होतं. रोटेरियनांच्या पत्नींनी १९२४ मध्ये मँचेस्टरमध्ये इनर व्हील काढलं आणि पुढे ते आपल्याकडेही रुजलं. अनेक गावांत इनर व्हीलच्या बायकांचं काम नवऱ्यांच्या क्लबाइतकंच, कधी त्याहून नेटकं असे. तरी रोटरीचं सभासदत्व त्यांना मिळत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबाने स्त्रियांना घेतलं म्हणून त्या क्लबाची सनदच काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९८७ मध्ये निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये जगभरासाठी नियम बदलला. इतका उशीर का लागावा, याचं समर्थन करता येत नाही.

आता पोलिओ. १९७९ मध्ये रोटरीने फिलिपिन्समधल्या साठ लाख मुलांना डोस देण्याची जबाबदारी घेतली. पाच वर्षांचा करार होता, म्हणजे एका अध्यक्षाच्या कारकिर्दीत न मावणारा. तिथलं यश पाहून १९८५ मध्ये पोलिओप्लस मोहीम जाहीर झाली. बारा कोटी डॉलर जमवायचं ठरलं होतं, १९८८ पर्यंत जमले त्याच्या दुपटीहून जास्त. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ संपवण्याचा ठराव केला, तेव्हा जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलं या आजाराने लुळी पडत होती. आपल्याकडे प्रत्येक शाळेत कॅलिपर, म्हणजे लुळ्या पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, घालून येणारं एखादं मूल असायचं. क्लबांची शिबिरंही तेव्हा त्याच अंगाने चालत: कॅलिपर वाटप, पायांच्या शस्त्रक्रिया, तीनचाकी सायकली. ते काम गरजेचं होतं, पण पुढच्या वर्षी शिबिराला नवी मुलं येतच राहायची.

तोंडावाटे द्यायची लस नेहमीच्या लसीकरणात एकेका मुलाला देऊन आपल्या दाट वस्त्यांत विषाणू हटत नव्हता. एकाच दिवशी सगळ्या मुलांना डोस दिला तर विषाणूला राहायला आतडंच उरत नाही, हा ‘पल्स’चा विचार. वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९८० च्या दशकात तिथल्या रोटरीच्या साथीने तो अमलात आणला. २ ऑक्टोबर १९९४ ला दिल्लीत मोठी मोहीम झाली आणि ९ डिसेंबर १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. आपल्या आठवणीतला ‘पोलिओ रविवार’ तिथून सुरू होतो. चौकाचौकात बूथ, बर्फाच्या पिशव्यांमधली लस, डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीवर शाईची खूण.

यात डोस सरकारचे, आराखडा आरोग्य खात्याचा आणि सर्वांत मोठे कष्ट अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका नि नंतर आशा ताईंचे, हे आधी स्पष्ट म्हणायला हवं. क्लबांनी काय केलं? बूथवर बसले, गाड्या दिल्या, लस घेऊन जाणाऱ्यांच्या जेवणाची सोय केली, फलक रंगवले, मोहिमेला पैसा पुरवला आणि फेऱ्या संपत नाहीत म्हणून कंटाळलेल्या राज्यकर्त्यांच्या मागे लागून राहिले. उत्तर प्रदेशात लसीबद्दल अफवा पसरल्या, तेव्हा रोटरीने उलेमांची, म्हणजे मुस्लीम धर्मपंडितांची, समिती उभी केली आणि मौलवींनी स्वतः घरोघर समजूत घातली. एका व्यवसायातला एक सभासद, या जुन्या नियमाचा खरा उपयोग इथे झाला. क्लबात प्रेसवाला होता, ट्रान्सपोर्टवाला होता, बर्फाच्या कारखान्याचा मालक होता, बालरोगतज्ज्ञ होता. फोन करायला परकं कुणी लागलं नाही.

तरीही २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण निघाले, जगात सर्वाधिक. इतक्या वर्षांनंतर हा आकडा पाहून हात टेकणारे कमी नव्हते. २०१० मध्ये विषाणूच्या दोन प्रकारांवर एकदम चालणारी सुधारित द्विसंयोजी लस आली आणि त्या वर्षी रुग्ण ४२ वर आले. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण हावडा जिल्ह्यातला, १३ जानेवारी २०११ चा. फेब्रुवारी २०१२ मध्ये भारताचं नाव पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून निघालं, तेव्हा जागतिक रोटरीचे अध्यक्ष वापीचे कल्याण बॅनर्जी होते. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग, ज्यात भारतही येतो, पोलिओमुक्त जाहीर झाला. १९८५ ते २०११ या काळात प्रत्येक जुन्या क्लबात सव्वीस अध्यक्ष बदलले. बाकीच्या याद्या बदलत गेल्या, पण पोलिओची ओळ एकाने दुसऱ्याच्या हाती दिली.

मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासून विषाणू शोधला जातो. तिथल्या पाण्यात नैसर्गिक पोलिओ विषाणू नोव्हेंबर २०१० मध्ये सापडला, त्यानंतर नाही. गटाराच्या पाण्याची ती तपासणी पुढेही चालू राहिली, आणि पोलिओ रविवारी बूथवरचं टेबल मांडायला क्लबाची माणसं आजही येतात.