पंपातलं औषध फुप्फुसात किती पोचतं?

‘पंप नको डॉक्टर, तो फार जालीम असतो. आधी गोळीवर भागतंय का बघू.’ दमा असलेल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. आकडे मात्र नेमकं उलटं सांगतात. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाची मोठ्यांची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची असते. इन्हेलरच्या एका पफमध्ये तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं. दोन पफ घेतले तरी गोळीच्या विसाव्या भागाइतकंच औषध शरीरात जातं. गोळी आधी आतड्यातून रक्तात जाते, मग सगळ्या अंगभर फिरते. हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि श्वासनलिकांच्या वाट्याला तिचा थोडासाच अंश येतो.

आता गंमत अशी की पफमधलं सगळं औषधही फुप्फुसात पोचत नाही. साध्या दाबाच्या इन्हेलरमधून, पद्धत बरोबर असली तरी, साधारण १० ते २० टक्केच आत जातं. बाकीचं तोंडात आणि घशात चिकटतं आणि गिळलं जातं. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला सांगतात ती याचसाठी. हे १० ते २० टक्के कोणते, हे ठरतं कणाच्या आकारावरून. मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणी वाटते ती हा आकार मोजायची रीत.

घशाशी हवा जवळजवळ काटकोनात वळते. हवेचे रेणू सहज वळतात, पण तिच्याबरोबर निघालेल्या जड कणाला जडत्व असतं. तो सरळ जायला बघतो आणि समोरच्या भिंतीवर आदळून तिथेच चिकटतो. कण वळेल की आदळेल, हे तीन गोष्टींवर ठरतं: त्याचा वेग, त्याची घनता आणि त्याच्या व्यासाचा वर्ग. व्यास दुप्पट झाला की आदळण्याकडचा कल चौपट होतो. म्हणून ५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरचे कण बहुतेक घशातच अडकतात. १ ते ५ मायक्रॉनचे कण वळण घेऊन पुढे जातात.

‘मग आणखी बारीक करा की! नॅनो करा!’ असं जाहिरातवाल्यांना सुचतंच. पण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण आदळायला फार हलके आणि खाली बसायला फार संथ असतात. त्यांतले बरेचसे उच्छ्वासाबरोबर बाहेर येतात. शिवाय औषधाचं वजन व्यासाच्या घनावर जातं. ५ मायक्रॉनच्या एका कणात जेवढं औषध मावतं, तेवढ्यासाठी अर्ध्या मायक्रॉनचे हजार कण लागतात.

तर मोजायचं कसं? इतकी बारीक जाळी विणून तिच्यातून औषध चाळणं व्यवहारात जमत नाही. म्हणून घसा जे करतो तेच यंत्राकडून करवून घेतात. त्या यंत्राला कॅस्केड इम्पॅक्टर म्हणतात. के. आर. मे यांनी १९४५ साली त्याचं एक रूप मांडलं, आणि १९५८ साली अँडरसन यांनी हवेतले जिवंत जिवाणू गोळा करायला दुसरं बनवलं. औषधांच्या प्रयोगशाळेत ते नंतर आलं. आजचं नेक्स्ट जनरेशन इम्पॅक्टर २००० साली खास इन्हेलरसाठीच तयार झालं.

त्याच्या तोंडाशी काटकोनात वाकलेली धातूची नळी असते, म्हणजे प्रमाणित केलेला कृत्रिम घसा. त्यापुढे एकामागून एक सात टप्पे येतात. प्रत्येक टप्प्यात हवा छिद्रांतून खाली झेपावते आणि खालच्या कपाच्या तळाशी पोचताच झटकन वळते. पहिल्या टप्प्यात एकच मोठं छिद्र, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात चोवीस, असं करत सातव्यात ६३० बारीक छिद्रं असतात. छिद्रांची संख्या वाढते, पण त्यांचं एकूण क्षेत्रफळ घटत जातं, म्हणून हवेचा वेग टप्प्यागणिक वाढतो. वेग वाढला की आधी निसटलेले हलके कणही आदळू लागतात. मिनिटाला ६० लिटर हवा ओढली, तर पहिल्या टप्प्याची सीमा (म्हणजे ज्या आकाराच्या वरचे कण बहुतेक तिथेच आदळतात तो आकार) सुमारे ८ मायक्रॉन असते, दुसऱ्याची साडेचार, तिसऱ्याची पावणेतीन-तीनच्या मध्ये, आणि शेवटच्याची एक तृतीयांश मायक्रॉन. हवा निम्म्या वेगाने ओढली की प्रत्येक सीमा साधारण दोनच्या वर्गमुळाच्या पटीत वर सरकते. जडत्वाच्या सूत्रात व्यासाचा वर्ग आहे ना, तोच इथे वर्गमूळ होऊन परत येतो.

कोरडी पूड कपावर आदळून उसळी मारू नये म्हणून कपांना आधी चिकट लेप देतात. पफ मारून झाला की कृत्रिम घसा आणि प्रत्येक कप वेगवेगळा धुतात, आणि त्या द्रावणात किती औषध उतरलं ते क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायच्या रीतीने) मोजतात. कुणी कण मोजत बसत नाही, मोजतात ते औषधाचं वजन. त्यावरून ५ मायक्रॉनच्या खालचा डोस किती, ते निघतं.

यंत्राच्या आकड्यातून जो आकार मिळतो त्याला वायुगतिक व्यास म्हणतात. पाण्याइतक्या घनतेचा जो गोल कण तितक्याच वेगाने खाली बसेल, त्याचा तो व्यास. त्यामुळे सच्छिद्र, पोकळ कण सूक्ष्मदर्शकाखाली चांगला मोठा दिसूनही हवेत लहान कणासारखा वागू शकतो.

खाली बसण्याचा विषय निघालाच आहे, तर ‘पफ घेऊन दहा सेकंद श्वास रोखा’ या सूचनेचा हिशेब पाहू. फुप्फुसात नळ्यांना सुमारे २३ वेळा फाटे फुटतात. एकूण जागा इतकी वाढते की खोलवर हवा जवळजवळ थांबते, आणि जडत्वाचं काम संपून गुरुत्वाकर्षणाचं सुरू होतं. १ मायक्रॉनचा कण दहा सेकंदांत जेमतेम ०.३५ मिलिमीटर खाली येतो. ऐकायला नगण्य वाटतं, पण वायुकोशाचा, म्हणजे नळ्यांच्या टोकाशी असलेल्या हवेच्या इवल्या पिशवीचा, व्यासच ०.२ ते ०.३ मिलिमीटर असतो. ३ मायक्रॉनचा कण तेवढ्याच वेळात अडीच मिलिमीटरच्या वर उतरतो, बारीक नळीच्या भिंतीला टेकायला ते पुष्कळ झालं.

श्वास ओढायची पद्धतही यातूनच निघते. दाबाच्या पंपातून फवारा आधीच वेगात येतो, म्हणून श्वास संथ आणि लांब हवा. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावला की फवारा मंदावतो, द्रव उडून थेंब आक्रसतात आणि जाड थेंब घशाऐवजी स्पेसरमध्येच राहतात. पुडीच्या इन्हेलरचं उलटं. त्यात औषधाची बारीक पूड लॅक्टोजच्या (दुधातल्या साखरेच्या) जाड कणांना चिकटलेली असते. ती सुटी करायला सुरुवातीपासून जोरदार ओढ लागते. म्हणूनच अशा इन्हेलरची चाचणी ठरावीक ४ किलोपास्कलच्या ओढीने, ४ लिटर हवा खेचून करतात. एका पंपाची सवय दुसऱ्यावर चालवली की औषध वाया जातं.

‘औषधी वाफ थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचते’ असं सांगणाऱ्यांना इथे एकच प्रश्न विचारावा: थेंब किती मायक्रॉनचा? वाफ नाकाघशाच्या तुलनेने गार भिंतींवरच पाणी होऊन बसते. नाक मोकळं वाटतं ते खरं, पण आवळलेली श्वासनलिका त्याने सैल होत नाही.

चाचणी एका पफवर संपत नाही. डबा नवा असताना, मध्यावर आणि लेबलवरचे पफ संपत आल्यावर, प्रत्येक वेळी डोस ठरलेल्या मर्यादेत यावा लागतो. लेबलवरच्या आकड्यानंतर मात्र कसलीच हमी नसते. डबा फुस्स करत राहतो, पण निघतो तो मुख्यतः दाबाचा वायू. डब्यावरचा उरलेले पफ दाखवणारा काउंटर शून्यावर आला की पंप बदलायचा. काउंटर नसेल तर वापरलेले पफ लिहून ठेवायचे. डबा पाण्यात तरंगवून पाहण्याची युक्ती भरवशाची नाही, आणि पाणी व्हॉल्व्हमध्ये शिरलं तर उरलेले पफही बिघडू शकतात.