सगळ्या कोरोनाविषाणूंवर एकच लस: कल्पना आली कुठून?

२००२च्या अखेरीस चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सार्स हा कोरोनाविषाणूमुळे होणारा श्वसनाचा आजार उद्भवला. सुमारे ८ हजार लोकांना लागण झाली, ७७४ दगावले आणि २००३च्या जुलैत साथ थांबली. लशीवर काम सुरू झालं होतं, पण रुग्ण संपले तसा पैसाही आटला. २०१२मध्ये सौदी अरेबियात मर्स हा तसाच आजार सापडला आणि पुन्हा तीच धावपळ झाली. प्राण्यांतून माणसात आलेला हा दहा वर्षांतला दुसरा कोरोनाविषाणू. तिसरा येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

मर्सवरच्या कामातून एक गोष्ट मात्र पदरात पडली. पेशीत शिरताना या विषाणूंच्या पृष्ठभागावरचं काट्यासारखं स्पाइक प्रथिन आपला आकार बदलतं. त्यात दोन जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल बसवलं की ते शिरण्याआधीच्या मूळ आकारातच राहतं, हे बार्नी ग्रॅहम, जेसन मॅकलेलन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं. २०२०च्या फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशींत हीच युक्ती होती.

पण त्या लशींचा नेम एकाच विषाणूवर होता. आपली सर्वांत प्रभावी प्रतिपिंडं (विषाणूला पकडणारी शरीरातली प्रथिनं) बहुतेक स्पाइकच्या टोकाला, म्हणजे पेशीला चिकटणाऱ्या भागाला धरतात, आणि नेमका तोच भाग झपाट्याने बदलतो. नोव्हेंबर २०२१मध्ये समोर आलेल्या ओमायक्रॉन या कोविड विषाणूच्या प्रकाराच्या स्पाइकमध्ये ३०हून अधिक बदल होते. तेव्हापासून लस अद्ययावत करायची आणि तोवर विषाणूने पुढे निघून जायचं, असा पाठलाग चालू आहे.

वाट दाखवली ती सार्सच्या जुन्या रुग्णांनी. २००३मध्ये सार्स झालेल्या एकाच्या रक्तातून मिळालेलं प्रतिपिंड कोविडच्या नव्या विषाणूलाही रोखतं, हे २०२०मध्ये दिसलं. त्यावरूनच सोट्रोव्हिमॅब हे औषध बनलं. (पुढे ओमायक्रॉनच्या उपप्रकारांनी त्यालाही हुलकावणी दिली.) २०२१मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी सार्समधून बऱ्या झालेल्यांना फायझरची लस दिल्यावर त्यांचं रक्त तपासलं. त्यातली प्रतिपिंडं वटवाघळांतल्या आणि खवल्या मांजरांतल्या विषाणूंनाही निष्प्रभ करत होती. दोन दूरचे भाऊबंद लागोपाठ भेटले, की शरीर त्यांच्यातलं साम्य हेरतं.

हेच एका लशीत साधायचं कसं? अमेरिकेतल्या कॅलटेक या विद्यापीठातल्या पॅमेला ब्यॉर्कमन यांच्या गटाने एकाच नॅनोकणावर (अतिसूक्ष्म कणावर) आठ वेगवेगळ्या विषाणूंचे टोकाचे तुकडे सरमिसळ करून बसवले. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींवर विषाणू ओळखणारा जो ग्राहक (रिसेप्टर) असतो, त्याला दोन हात असतात. शेजारचे तुकडे वेगळे असल्याने दोन्ही हातांनी घट्ट पकड बसते ती मुख्यतः सगळ्यांत समान असलेला भाग ओळखणाऱ्या पेशींचीच. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या लशीने उंदरांना आणि माकडांना सार्सपासूनही वाचवलं, आणि सार्सचा तुकडा तर त्या कणावर नव्हताच.

दुसरा मार्ग स्पाइकच्या देठाचा. तो भाग फारसा बदलत नाही, पण त्यावरची प्रतिपिंडं बहुधा तितकी जोरकस नसतात. २०२१च्या मार्चमध्ये साथींवरच्या लशींना पैसा पुरवणाऱ्या सेपी या संस्थेने अशा व्यापक लशींसाठी २० कोटी डॉलर जाहीर केले.

पण कॅलटेकच्या त्या प्रयोगांतल्या प्राण्यांनी आधी कोरोनाविषाणू पाहिलेला नव्हता. माणसांत आता असं जवळपास कुणीच नाही, आणि रोगप्रतिकारशक्तीला पहिली ओळखच जास्त आठवते. त्यामुळे नव्या लशीला जुनी स्मृती असलेल्या शरीरातच आपली व्याप्ती सिद्ध करावी लागेल.