पांढरी पाने आणि सांडलेला उजेड: इन्फ्रारेड फिल्मचे दोन वेगळे परिणाम

इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश नोंदवणाऱ्या फिल्मवर टिपलेल्या कृष्णधवल निसर्गचित्रात दोन गोष्टी चटकन नजरेत भरतात. झाडांची पाने पांढरीशुभ्र दिसतात आणि उजळ भागांच्या कडांबाहेर उजेड सांडल्यासारखे मऊ वलय पसरलेले असते. कोडॅकच्या हाय स्पीड इन्फ्रारेड, म्हणजे एचआयई, या फिल्मवर ही दोन्ही वैशिष्ट्ये वर्षानुवर्षे एकत्रच पाहायला मिळाली, त्यामुळे ती एकाच कारणातून येतात असा समज पक्का झाला. संगणकावर इन्फ्रारेडची नक्कल करणारे लोकही पाने पांढरी करून वर थोडा धूसरपणा चढवतात आणि त्या समजाला खतपाणी घालतात. प्रत्यक्षात पांढरेपणाचा संबंध पानाशी आणि फिल्टरशी आहे, तर वलयाचा संबंध फिल्मच्या मागच्या बाजूशी आहे.

पांढऱ्या पानांना वुड परिणाम म्हणतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी अशी छायाचित्रे 1910 मध्ये प्रसिद्ध केली होती. हरितद्रव्य चमकते म्हणून पाने पांढरी दिसतात असे अनेकदा लिहिले जाते, पण ते बरोबर नाही. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, मात्र साधारण 700 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढे, म्हणजे इन्फ्रारेडकडे, ते जवळजवळ पारदर्शक होते. मग किरण पानाच्या आत शिरतात आणि पेशी व त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांच्या असंख्य सीमांवर विखुरले जाऊन मागे फिरतात. खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो, पण त्याची पिठी पांढरी दिसते, त्यातलाच हा प्रकार आहे.

येथे फिल्टरची निवड निर्णायक ठरते. 25 क्रमांकाचा लाल फिल्टर इन्फ्रारेडबरोबर दृश्य लाल प्रकाशही आत सोडतो आणि त्या लाल प्रकाशात पान काळपटच असते. एचआयईची संवेदनशीलता सुमारे 900 नॅनोमीटरपर्यंत असल्यामुळे तिच्यावर इन्फ्रारेडचे पारडे जड होई आणि लाल फिल्टरही पुरेसा ठरे. इलफर्ड एसएफएक्स 200 मात्र जेमतेम 740 नॅनोमीटरपर्यंत पाहते, तर रोलाय इन्फ्रारेड 400 सुमारे 820 पर्यंत. या फिल्मवर लाल फिल्टरने आकाश गडद होते, पण पाने फारशी उजळत नाहीत. त्यासाठी होया आर72 सारखा, 720 नॅनोमीटरच्या आसपास उघडणारा, म्हणजे त्यापुढचेच किरण आत सोडणारा फिल्टर लागतो. त्याहून गडद, 900 च्या आसपास उघडणारा फिल्टर या फिल्मवर लावला, तर निगेटिव्ह कोरी निघेल, कारण फिल्टर उघडतो त्याआधीच फिल्मची नजर संपलेली असते.

वलयाची गोष्ट निराळी आहे. प्रकाश इमल्शनमधून, म्हणजे फिल्मवरील प्रकाशसंवेदी थरातून, पार होतो, पाठीमागच्या पृष्ठभागावर किंवा फिल्म सपाट धरणाऱ्या कॅमेऱ्याच्या प्रेशर प्लेटवर आदळून परततो आणि मूळ जागेच्या आजूबाजूला पुन्हा नोंद करतो. यालाच हॅलेशन म्हणतात. ते रोखण्यासाठी बहुतेक फिल्मना रंगद्रव्याचा थर किंवा करडी छटा दिलेला पाया असतो. एचआयईला असा थर नव्हता.

या दोन परिणामांची फारकत दाखवणारा उत्तम पुरावा क्रोएशियातील फोटोकेमिका कंपनीच्या एफके आयआर820 या फिल्मने दिला. तिचीच ‘ऑरा’ नावाची आवृत्ती हॅलेशन रोखणारा थर वगळून विकली जात असे. पाने दोन्हींवर पांढरी येत, पण ठळक वलय ऑरावरच उमटे. उलट बाजूचा पुरावा सिनेस्टिल 800टी या रंगीत फिल्मचा आहे. चित्रपटाच्या फिल्मवरील काळा थर आधीच काढलेला असल्यामुळे तिच्यावर रस्त्यावरील दिव्यांभोवती लाल वलये उमटतात, आणि तिथे इन्फ्रारेडचा काहीही संबंध नसतो.

एचआयई 2007 मध्ये बंद झाली, त्यामुळे आज बहुतेकांच्या हाती रोलाय 400 किंवा एसएफएक्स येते. रोलायवर आर72 लावताना हातातील लाइटमीटर आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) 12 वर ठेवून सुरुवात करावी. कडक उन्हात भिंगाचे छिद्र एफ/8 ला असताना साधारण 1/50 सेकंद येतो, म्हणून ट्रायपॉड असलेला बरा. मीटर इन्फ्रारेड मोजत नाही, तेव्हा एकेक स्टॉप कमी-जास्त करून, म्हणजे प्रकाश निम्मा आणि दुप्पट करून, आणखी दोन चित्रे घेणे शहाणपणाचे. आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळा सरल्यावर हिरवळ ताजी असते आणि आकाश निवळलेले असते, तेव्हा काळ्या कातळाशेजारी पांढरे रान फार उठून दिसते. रोलायचा पाया पारदर्शक पॉलिएस्टरचा असल्यामुळे बाहेर डोकावणाऱ्या टोकातून उजेड आत शिरतो, म्हणून रोल सावलीतच भरावा, शक्य तर अंधारात.

डेव्हलपिंगसाठी खास रसायन लागत नाही. रोडिनल किंवा डी-76 सारखा नेहमीचा डेव्हलपर चालतो. निगेटिव्हवर पाने फार दाट झाली, तर पुढच्या रोलला वेळ दहा-पंधरा टक्के कमी करावा, म्हणजे प्रिंट करताना पानांतील तपशील हाती लागतो. मात्र वलय डेव्हलपरने निर्माण होत नाही. ते एक्स्पोजरच्या वेळीच ठरते आणि जादा प्रकाशाने वाढते. रोलाय किंवा एसएफएक्सवर ते हवेच असेल, तर भिंगापुढे सॉफ्ट फिल्टर लावणे हाच सरळ मार्ग आहे.

आपल्या चित्रात नेमके काय घडले आहे, हे निगेटिव्ह लाइटबॉक्सवर ठेवून लूपमधून, म्हणजे छोट्या भिंगातून, पाहिल्यास कळते. पानांची दाट काळी नोंद आकाशापाशी रेघ ओढल्यासारखी थांबत असेल, तर तो निव्वळ वुड परिणाम. तीच काळिमा कडेपलीकडे झिरपलेली असेल आणि चित्रातील चुन्याच्या भिंतीभोवतीही तशीच दिसत असेल, तर ते हॅलेशन, कारण त्या भिंतीत हरितद्रव्य नसते.