स्पॅनिश नियमित क्रियापदे : वर्तमानकाळ

स्पॅनिशमध्ये नियमित क्रियापदाच्या मूळ रूपातील ‘-आर’, ‘-एर’ किंवा ‘-इर’ हा अंत्य भाग काढून उरलेल्या धातूला पुरुष व वचन दर्शवणारे प्रत्यय लावले, की साध्या वर्तमानकाळाची सहा रूपे सिद्ध होतात. ‘आब्लार’ (बोलणे) याची रूपे आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान अशी आहेत. मराठीतील ‘बोलतो–बोलते’ असा लिंगभेद येथे नाही. पुरुष मात्र प्रत्ययातूनच कळत असल्याने कर्ता बहुधा अध्याहृत राहतो.

‘कोमेर’ (खाणे) आणि ‘बिबिर’ (जगणे, राहणे) यांचे प्रत्यय दोनच ठिकाणी वेगळे पडतात : कोमेमोस–बिबिमोस आणि कोमेइस–बिबीस. लॅटिनमधील क्रियापदांच्या चार गणांपैकी (रूपे चालवण्याच्या पद्धतीनुसार केलेल्या गटांपैकी) दुसरा व तिसरा स्पॅनिशमध्ये बव्हंशी एकवटले, परंतु तिसऱ्यातील ‘वीवेरे’सारखे काही धातू ‘-इर’ गणात गेले. स्पॅनिश वैयाकरण आन्तोनिओ दे नेब्रिखा याच्या १४९२ च्या व्याकरणात हे तीन गण दिलेले आहेत.

द्वितीय पुरुषी अनेकवचनाचा ‘-आइस’ हा प्रत्यय अधिक विचार मागतो. लॅटिन ‘-आतिस’पासून जुन्या स्पॅनिशमध्ये ‘-आदेस’ झाले, आणि साधारणपणे चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यातील ‘द’ गळू लागून ‘-आएस’ हा टप्पा आला असे मानले जाते. त्यापुढे, अर्जेंटिनातील ‘बोस आब्लास’ (तू बोलतोस) या अंत्याघाती, म्हणजे शेवटच्या अक्षरावर आघात असलेल्या, रूपातला ‘-आस’ हा ‘-आइस’चा संकोच आहे, की दोन्ही रूपे ‘-आएस’पासून स्वतंत्रपणे निघाली, याविषयी मतभेद आहेत. पंधराव्या शतकातील लेखनात ती शेजारी-शेजारी आढळतात, त्यामुळे दुसरे मत अधिक संभाव्य वाटते. आघात ‘द’च्या लगतच्या स्वरावर नसलेल्या भूतकालीन ‘आब्लाबादेस’सारख्या रूपांत हा ‘द’ सतराव्या शतकापर्यंत टिकला. ‘-इर’ गणात मात्र ‘बिबीस’ हे एकच रूप स्पेन व अर्जेंटिना या दोन्हीकडे चालते, त्यामुळे या वादात त्याचा पुरावा उपयोगी पडत नाही.

‘बोस’ हे सर्वनाम मराठी ‘तुम्ही’प्रमाणे मूळचे आदरार्थी अनेकवचन होते; आज ते जवळिकीचे आहे. आदरार्थी ‘उस्तेद’ हे ‘आपली कृपा’ या अर्थाच्या पदसमूहाचे झिजलेले रूप असल्याने त्यासोबत तृतीय पुरुषी ‘आब्ला’ येते.