मध्यवस्तीत नवीन उद्यान हवंय? विकास आराखड्यात सूचना-हरकत नोंदवण्याची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

वस्तीत एखादी जागा मोकळी पडून असली की लोकांचं पहिलं पत्र जातं उद्यान विभागाला: इथे बाग करा. महिन्याभराने उत्तर येतं, ‘सदर जागा महानगरपालिकेच्या ताब्यात नसल्याने कार्यवाही करता येत नाही.’ उत्तर खरं असतं. उद्यान विभाग बाग करतो आणि राखतो. कुठली जमीन बागेसाठी राखून ठेवायची हे नगर रचना विभागात विकास आराखड्यावर ठरतं आणि ती ताब्यात घेण्याचं काम तिसऱ्याच टेबलावर असतं. म्हणून आपली जागा यातल्या कुठल्या टेबलावर अडकली आहे ते आधी शोधायचं. खालची माहिती महाराष्ट्रातल्या महानगरपालिका आणि नगरपालिका हद्दींसाठी आहे. कायदा आहे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, बोलताना सगळे ‘एमआरटीपी’ म्हणतात तो.

जागेचा नंबर

‘शाळेमागचं मैदान’, ‘जुन्या गिरणीची जागा’ ही नावं आपापसात ठीक. कार्यालयात जागा ओळखतात सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबराने, गावठाणात किंवा जुन्या शहरात सिटी सर्व्हे नंबराने आणि नगररचना योजना झालेली असेल तर अंतिम भूखंड क्रमांकाने.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका सुनावणीला आम्ही सोसायटीतले सातआठ जण नटूनथटून गेलो होतो. अर्जात सर्व्हे नंबर बरोबर होता, हिस्सा नंबर लिहायचा राहिला होता. समोरच्या साहेबांनी नकाशावर ज्या हिश्श्यावर बोट ठेवलं तो सरळ रहिवास विभागात होता, तिथे बागेचा मागमूस नाही. ‘तो नाही साहेब, त्याच्या पलीकडचा’ हे समजावण्यातच आमची वेळ संपली आणि पुढच्या नावाचा पुकारा झाला.

तर आधी सातबारा उतारा काढा, शहरी भागात मालमत्ता पत्रक. ‘महाभूलेख’वर सातबारा फुकट बघता येतो, पण अर्जाला जोडायचा तर १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा. मग तो नंबर घेऊन नगर रचना विभागात भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या जागेपुरता तुकडा) आणि झोन दाखल्यासाठी (जागा कुठल्या विभागात येते त्याचा दाखला) अर्ज करायचा. मुंबईत याच कामाच्या कागदाला ‘डीपी रिमार्क’ म्हणतात.

भाग नकाशा हातात आला की तीन गोष्टी बघा: जागा कुठल्या विभागात आहे, तिच्यावर आरक्षण असेल तर त्याचा क्रमांक आणि नाव काय, आणि जागेला लागून आराखड्यातला रस्ता आहे का. तिसरी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत. चारही बाजूंनी खासगी भूखंड आणि आत जायला वाटच नाही अशी उद्यानाची आरक्षणं नकाशावर सापडतात. कागदावर बाग हिरवीगार, प्रत्यक्षात तिथे कुदळ नेणंही अवघड.

अजून एक घोळ इथेच मिटवून घ्या. मोठ्या भूखंडाचं रेखांकन (ले-आउट) मंजूर करताना विकासकाला जी मोकळी जागा सोडावी लागते ती ‘ओपन स्पेस’, आणि ती म्हणजे आराखड्यातलं उद्यानाचं आरक्षण नव्हे. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात १० टक्के जागा अशी सोडावी लागते. ती त्या रेखांकनातल्या रहिवाशांसाठी असते. ‘आमच्या सोसायटीच्या ओपन स्पेसवर सार्वजनिक बाग करा’ असा अर्ज केला तर पहिली हरकत शेजारच्या विंगमधूनच येईल.

तुमचा अर्ज कुठल्या कलमाखाली बसतो

विकास आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा लागतो (कलम ३८). तो नव्याने होत असेल तर प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात नोटीस येते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. नवीन उद्यान सुचवायला यापेक्षा चांगली वेळ नाही, कारण सगळा नकाशाच उघडा असतो. मुदत किती ते नोटिशीत लिहिलेलं असतं. शेजारच्या शहरात किती दिवस होते यावर विसंबू नका.

आराखडा मंजूर झाल्यानंतर एखाद-दुसऱ्या जागेपुरता बदल करायचा तर कलम ३७, म्हणजे आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही असा किरकोळ फेरबदल. याची हरकतीची मुदत नोटिशीपासून एक महिना. उद्यानाची आरक्षणं जातात ती बहुतेक याच दाराने, आणि नोटीस बारीक टायपात पुढच्यासारखी असते: ‘मौजे अमुक, स.नं. तमुक पैकी उद्यान आरक्षण वगळून सदर क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करणे.’ ‘वगळून’ हा शब्द दिसला की थांबून वाचा. फेरबदल महापालिकेनेच सुरू केला असेल तर हरकत आयुक्तांच्या नावे जाते. शासनाने स्वतः सुरू केला असेल तर नोटिशीत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, बहुधा नगर रचना विभागाच्या सहसंचालकांकडे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज योग्य दारात पोचेपर्यंत महिना संपतो.

पात्रता

हरकत किंवा सूचना कोणीही देऊ शकतं. जमीनमालक असायची गरज नाही. भाडेकरू, विद्यार्थी, फेरीवाला, बचत गट, गृहनिर्माण संस्था, कोणीही चालतं. शुल्क नाही. ‘तुमचा काय संबंध?’ असं कोणी विचारलंच तर १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा बंगलोर मेडिकल ट्रस्ट प्रकरणातला निकाल सांगा. बंगळूरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. न्यायालयाने ते रद्द ठरवलं आणि त्या भागात राहणाऱ्यांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं.

मालकी लागते ती फक्त कलम १२७ च्या नोटिशीसाठी. त्याबद्दल पुढे.

अर्जात काय लिहायचं

हरकतीचे छापील नमुने व्हॉट्सॲपवर फिरतात. तेच पत्र पाचशे जणांनी सह्या करून दिलं तर वर्तमानपत्रात आकडा येतो, पण कार्यालयात त्या पाचशे पत्रांचा एकच गट पडतो आणि उत्तरही एकच. माझ्या मते पाचशेच्या जोडीला नीट लिहिलेले चार वेगळे अर्ज हवेत: एक रस्त्याबद्दल, एक नाल्याबद्दल, एक झाडांबद्दल, एक शाळेच्या वाटेबद्दल. प्रत्येक मुद्द्यावर सुनावणी घेणाऱ्या समितीला काहीतरी नोंदवावंच लागतं.

मजकूर साधा ठेवा. विषयात आराखड्याचं नाव, नोटिशीची तारीख, मौजे, सर्व्हे नंबर आणि हिस्सा, आरक्षण क्रमांक. मग काय हवं ते एका वाक्यात: ‘सदर भूखंडावरील वाहनतळाचे आरक्षण बदलून उद्यान दर्शवावे’ किंवा ‘उद्यानाचे आरक्षण कायम ठेवावे व त्यास पूर्वेकडील रस्त्याने जोडरस्ता दर्शवावा.’ मग कारणं, आणि शेवटी ‘मला सुनावणीची संधी मिळावी’ हे वाक्य. ते विसरू नका. पत्ता आणि मोबाइल नंबर वाचता येईल असा लिहा, सुनावणीचं पत्र त्याच पत्त्यावर येतं.

कारणांत भावना कमी आणि मोजता येण्यासारख्या गोष्टी जास्त असाव्यात. सर्वांत जवळची सध्याची बाग चालत किती मिनिटांवर आहे, मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं. मध्यवस्तीत बहुतेक जमीन सिमेंटने झाकलेली असते, त्यामुळे पाणी मुरायला जागा हवी हा मुद्दा चालतो. शक्य असेल तर भर पावसात काढलेला तारखेसह फोटो जोडा.

कागदपत्रं

सोबत भाग नकाशाची प्रत जोडा आणि त्यावर आपली जागा लाल पेनाने रंगवा. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, तुमचा ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, दोनचार फोटो. संस्थेतर्फे अर्ज असेल तर व्यवस्थापक समितीच्या ठरावाची प्रत आणि कोण बोलणार त्याचं अधिकारपत्र. सगळ्याचे दोन संच करा. एक बारनिशीत (आवक कक्षात) द्या, दुसऱ्यावर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. ऑनलाइन किंवा ईमेलने पाठवायची सोय असली तरी मी कागदही देतोच.

सुनावणी

नव्या आराखड्यावरच्या हरकती नियोजन समितीपुढे जातात. कलम २८ प्रमाणे तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणाची जाण असलेले जास्तीत जास्त चार बाहेरचे सदस्य असतात. याच कलमात सरकारी खात्यांच्या प्रतिनिधींनाही ऐकायची तरतूद आहे. म्हणजे तुम्ही बागेसाठी भांडत असता तेव्हा त्याच जागेवर उपकेंद्र मागणारी वीज कंपनी किंवा स्थानकाची वाट मागणारं मेट्रोचं खातंही रांगेत असू शकतं.

वाट्याला चारपाच मिनिटं येतात. पहिलं वाक्य जागेच्या नंबरचं, दुसरं मागणीचं, मग रंगवलेला नकाशा समोर ठेवायचा. लेखी टिपण सोबत न्या आणि तेही आवक करून घ्या, कारण तोंडी बोललेलं सगळं इतिवृत्तात उतरतंच असं नाही.

आरक्षण आहे, बाग मात्र नाही

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग. नकाशावर उद्यान आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जमीन घेतली गेली नाही तर कलम १२७ खाली मालक मालकीच्या कागदांसह खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत (२०१५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत कमी होती) भूसंपादन झालं नाही किंवा त्याची पावलं सुरू झाली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स निकालात स्पष्ट केलं आहे. मालकाची यात चूक नसते. दहा वर्षं आपल्या जमिनीचं काहीच करता आलं नाही तर तो नोटीस देणारच.

म्हणून माहिती अधिकारात विचारा. शुल्क १० रुपये, अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न असे: आरक्षण क्रमांक अमुकबाबत कलम १२७ ची नोटीस आली आहे का, कोणत्या तारखेला, तिच्यावर काय कार्यवाही झाली, भूसंपादनाचा प्रस्ताव कुठे आहे, चालू अंदाजपत्रकात त्यासाठी किती तरतूद आहे. नोटिशीची तारीख कळली की २४ महिने स्वतः मोजा आणि नगरसेवकाच्या, आयुक्तांच्या टेबलावर ती शेवटची तारीख ठेवा.

जमीन पैसे देऊनच घ्यावी लागते असं नाही. कलम १२६ प्रमाणे मालकाशी करार करता येतो, मोबदल्यात एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देता येतो, आणि हे जमलं नाही तर भूसंपादन कायद्याची वाट आहेच. टीडीआरवर तयार झालेला मालक हा बागेचा सर्वांत मोठा मित्र. त्याच्याविरुद्ध मोर्चा काढण्याआधी एकदा त्याच्या घरी चहाला जाऊन या.

शेजारचे प्रकल्प

मध्यवस्तीत बाग एकटी होत नाही. बाजूच्या दोन इमारती पुनर्विकासाला गेलेल्या असतात, समोरचा रस्ता रुंद व्हायचा असतो, मलवाहिनी बदलायची असते. बाग आधी झाली आणि वाहिनीचं काम नंतर निघालं तर हिरवळ उखडलीच म्हणून समजा. आयुक्तांना लिहिताना पथ, मलनिस्सारण, पाणीपुरवठा आणि उद्यान या चारही विभागांच्या प्रमुखांना प्रत द्या आणि एकच विचारा: या भूखंडाखालून किंवा लगत तुमचं कुठलं काम प्रस्तावित आहे? चार उत्तरं एकत्र वाचली की कामांचा क्रम कुठे उलटा लागलाय ते दिसतं.

पुनर्विकासाच्या इमारतीचा मंजूर नकाशा बघायला महारेराचं (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं) संकेतस्थळ वापरा. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर विक्रीआधी प्रकल्पाची नोंदणी करावी लागते आणि मंजुरीचे कागद तिथे टाकावे लागतात. बागेच्या बाजूला त्यांचं वाहनतळाचं प्रवेशद्वार उघडतंय का, रेखांकनातली ओपन स्पेस तितकीच राहिली आहे का, हे घरबसल्या कळतं. कामात झाडं येत असतील तर वृक्ष प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ धरलं जातं. जुन्या वाड्याच्या अंगणातला पिंपळ त्यात बसत असेल तर त्याची उंची, घेर आणि फोटो आत्ताच नोंदवून ठेवा.

अंतिम मंजुरीची अधिसूचना राजपत्रात येते. त्या तारखेनंतर नवा भाग नकाशा काढा आणि आपला आरक्षण क्रमांक, क्षेत्रफळ आणि हद्द जुन्या प्रतीशी ताडून बघा. प्रारूप आराखड्यातलं आरक्षण अंतिम नकाशात क्रमांक बदलून आलेलं असू शकतं, आणि १० वर्षं मोजायची ती हा अंतिम आराखडा अमलात आल्याच्या तारखेपासून.