विंचू चावला तर आधी पोराचे हात गार पडलेत का बघा

मे महिना आला की मुंबई-पुण्याची पोरं कोकणात आजोळी, आणि मग दिवसभर गोठा, माळा, जांभ्याचे गडगे, सरपणाचा ढीग, म्हणजे नेमकं जिथे विंचू असतो तिथेच सगळा खेळ. (खरं तर विंचू चावत नाही, नांगी मारतो, पण आपण चावला असंच म्हणणार.)

मोठ्ठी काळी इंगळी बघून सगळे किंचाळतात, पण जास्त घातक असतो तो छोटासा लाल विंचू, जेमतेम बोटाएवढा. त्याचं विष नसांमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, त्यामुळे नसा उगाच सिग्नल पाठवत सुटतात आणि अंगात अ‍ॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हृदय दमतं आणि शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. मोठ्या माणसाला जेवढं विष जातं तेवढंच 12 किलोच्या पोराला गेलं तर काय होईल, हिशोब तुम्हीच करा.

आणि इथेच घरचे फसतात, कारण सगळं लक्ष दुखण्याकडे असतं. पोरगं ठणाणा करतंय, बोट आग आग होतंय, पण उलटी नाही, अंग गरम आहे, तर बऱ्याचदा दुखण्यावरच निभावतं (तरी डॉक्टरला दाखवायचंच). पण पोरगं फारसं रडत नाहीये, दरदरून घाम सुटलाय, उलट्या होताहेत, हातपाय बर्फासारखे गार, तर तो रडायचं थांबला म्हणून हुश्श करू नका, सरळ गाडी काढा नाहीतर 108 ला फोन लावा. चिंचोका उगाळणं, मांत्रिक, करकचून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं यात जो तास जातो ना, तोच महागात पडतो. विंचू पकडून न्यायच्या भानगडीतही पडू नका, फार तर लांबून फोटो काढा.

यावरचा इलाज सापडला तोही कोकणातच. 1970च्या दशकाच्या शेवटी डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते, तेव्हा विंचवाचा पेशंट वाचेलच याची खात्री नसायची. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन वापरून बघितलं. ही बीपीची साधी स्वस्त गोळी, ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हृदयावरचा लोड उतरतो. 1986 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. पुढे 2011 मध्ये 70 पेशंटवरच्या अभ्यासात दिसलं की प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविष लसही दिली तर पेशंट आणखी लवकर सावरतो. मात्र हे वाचून आजोबांच्या डब्यातली बीपीची गोळी पोराला देऊ नका हां! डोस वजनावर ठरतो, आणि गोळीनंतर पोरगं झटकन उठून उभं राहिलं तर बीपी एकदम खाली येऊ शकतं, म्हणून आडवंच ठेवतात.

बाकी काळजी सोप्पी आहे, बूट झटकून घालायचे, अंथरूण झटकायचं, मच्छरदाणी गादीखाली खोचायची, रात्री अनवाणी परसात जायचं नाही. आणि टीनएजर मंडळी, तुमच्यासाठी एक भारी काम, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारली की अंधारात विंचू हिरवट-निळा चमकतो, झोपायच्या आधी माळ्याचे कोपरे तपासायची ड्युटी तुमची, पण शोधायचा लांबूनच, चपला घालून.

अजून एक गंमत, म्हणजे आईबापासाठी गंमत नाहीच ती. उपचार सुरू झाले, हातपाय ऊबदार झाले की कधीकधी चावलेली जागा परत ठणकायला लागते. आईला वाटतं विष पुन्हा चढलं, आणि डॉक्टर मात्र तेव्हाच जरा निवांत होतो.