हिमनदीची हद्द: १९६२च्या नकाशांचा गुंता

काराकोरममधल्या बाल्तोरो हिमनदीची प्लेन टेबलवरची (तिपाईवरच्या सपाट फळीवर जागच्या जागी नकाशा काढण्याची) मोजणी १८६१ची. ओळखीच्या तीन शिखरांवर अलिडेड (नेम धरायची पट्टी) लावायची, रेषा उलट ओढून स्वतःची जागा पक्की करायची आणि तिथून दिसेल तेवढे काढायचे. कड्याआडचे अंदाजाने भरले जाई. सियाचेनची खरी लांबी १९०९पर्यंत लक्षात आली नव्हती. गंगोत्रीचे मुख १९३५मध्ये प्लेन टेबलवर घेतले गेले.

आजचा वाद आहे तो १९६२च्या सुमाराच्या हवाई छायाचित्रांवरून केलेल्या १:५०,००० नकाशांचा. हिमनद्या किती मागे सरल्या हे सांगणाऱ्या कित्येक अभ्यासांनी हीच नकाशा-पत्रके शून्यरेषा (तुलनेची सुरुवात) धरली, आणि तिथेच घोळ झाला. बरीच छायाचित्रे हंगामी बर्फ पडल्यावरची होती. बाजूच्या घळीतले ते पांढरे पट्टे हिमनदीच्या हद्दीत गेले. उंचावरच्या एकसारख्या पांढऱ्या भागात स्टिरिओ जोडीला (एकाच जागेच्या दोन ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांना) पकडायला खूणच मिळत नाही, त्यामुळे तिथल्या समोच्च रेषा निम्म्या तर्काच्या. खाली दगडगोट्यांनी झाकलेली हिमनदीची जीभ आणि तिच्यापुढचा जुना हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग) छायाचित्रात सारखेच करडे दिसतात. हद्द कुठे ओढायची हे रेखाटणाऱ्याच्या नजरेवर राहिले.

१९६८ची हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे १९९५मध्ये खुली झाल्यावर गढवालमध्ये ताळा करता आला. नकाशांवरचे क्षेत्र अनेक ठिकाणी फुगलेले निघाले. म्हणजे घट खरीच आहे, पण या पत्रकांपासून मोजली की ती जास्त दिसते. शिवाय या प्रमाणावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर व्यापते. वर्षाला १५-२० मीटर सरणाऱ्या मुखाचा वेग एकदोन वर्षांच्या फरकावरून काढण्यात अर्थ नाही.

मुख म्हणजे तरी नेमके काय? ओढा जिथून फुटतो ती गुहा, की बर्फाचे सर्वांत पुढचे टोक? गुहेचे छत कोसळले की एका दिवसात आकडा बदलतो. हिमनदीच्या वाहण्याच्या दिशेला समांतर पट्टे आखून प्रत्येकावर मोजून सरासरी घेणे कितीतरी भरवशाचे.

फेब्रुवारी २०००च्या अंतराळयानातल्या रडार मोहिमेनंतर उंचीतला फरक मोजला जाऊ लागला. पण हे रडार कोरड्या बर्फात काही मीटर आत शिरते, म्हणून पृष्ठभाग खरा आहे त्याहून खाली नोंदला जातो. दोन उंची-नमुने (जमिनीच्या उंचीचे संगणकीय नकाशे) वजा करण्याआधी हिमनदीबाहेरच्या स्थिर खडकावर ते जुळवून घ्यावेच लागतात: ३० अंशांच्या उतारावर ३० मीटरची आडवी सरक राहिली, तर उंचीत सुमारे १७ मीटरचा खोटा फरक येतो.